ललिता पवार : दुय्यम भूमिकेचे मोल
(मेहरूण येथील श्रोत्यांसमोरील भाषण)



जळगावहून निघून मनमाडला गाडी बदलली की येवले फार दूर राहत नाही. पैठणीसाठी विख्यात असलेल्या त्या गावी १९१६ साली अंबा सगुण यांचा जन्म झाला. ललिता पवार या नावाने पुढे साऱ्या देशाने त्यांना ओळखले. मूकपटांतील बालकलाकार ते नायिका हा प्रवास त्यांनी ऐन तारुण्यातच पूर्ण केला.

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड वर्मी लागली. चेहऱ्यावर पक्षाघाताचा परिणाम झाला. डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका संपल्या, अभिनय मात्र संपला नाही. ज्या व्यंगाने वाट अडविली, त्यालाच त्यांनी अभिनयाचे साधन केले. ‘रामशास्त्री’तील (१९४४) आनंदीबाईपासून दूरदर्शनच्या ‘रामायण’ मालिकेतील (१९८७) मंथरेपर्यंत त्यांच्या नजरेचा धाक प्रेक्षकांनी अनुभवला. मात्र ‘श्री ४२०’मधील (१९५५) केळेवाली आणि ‘अनाडी’तील (१९५९) वरून कठोर, आतून मायाळू घरमालकीण यांनी त्याच चेहऱ्यावरील वात्सल्यही दाखविले. ‘अनाडी’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९९८ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

अपघाताने अधू झालेली व्यक्ती निकामी ठरत नाही. तिला योग्य काम मिळावे लागते. शाळेत भूमिका वाटणाऱ्या शिक्षकांनी आणि गावात कामे सोपविणाऱ्या पंचायत सदस्यांनी या जीवनापासून एवढा बोध अवश्य घ्यावा.