रसद तोडणाऱ्या गोळ्या

परळला टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर मुक्काम करणारे पेशंट आपण सर्वांनी पाहिलेत. मी सॉफ्टवेअरवाली, डॉक्टर नव्हे. पण तिथलंच एक काम सांगते.

कॅन्सरची गाठ वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. त्याच रोखा, असं ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलं. त्यातून आलेली इंजेक्शनं महागडी. टाटाच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट आणि सांधेदुखीवरचं सेलेकॉक्सिब, ही जुनी स्वस्त औषधं थोड्या मात्रेत, सतत दिली. याने रक्तवाहिन्यांनाही आळा बसतो, असं मानतात.

तोंडा-घशाचा कॅन्सर हाताबाहेर गेलेल्या ४२२ पेशंटांचा निष्कर्ष २०२०मध्ये आला: शिरेतून सिस्प्लॅटिन घेणारे साधारण ६.१ महिने जगले, गोळ्यांवरचे ७.५. फरक जेमतेम दीड महिन्याचा, खरंय. पण गोळ्या गावी, आपल्या माणसांत राहून घेता येतात.