आरशामागचा हात



लोककलेवर बोलण्याचा अधिकार विद्वानांचा. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण जिनिंगच्या फाटकाबाहेर आणि शेतमजुरांच्या सभांत झाले. तेव्हा कलेकडे मी मजुरीच्या बाजूने पाहिले, तर आपण क्षमा कराल अशी आशा आहे.

आपल्या जिल्ह्यात पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत बंजाऱ्यांचे तांडे आहेत. १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे पुसदजवळच्या गहुलीचे. या समाजाने एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर पोचविले. रेल्वे आली आणि तो धंदा बुडाला. बैल गेले, पण बाईच्या हातातली सुई राहिली. फेटिया, कांचळी आणि डोईवरची ओढणी यांवर तिने आरसे, कवड्या आणि रंगीत धाग्यांचे टाके बसविले. आरशाला भोक नसते. भोवती धाग्याची घट्ट चौकट विणूनच तो कापडावर धरावा लागतो. ते काम डोळ्यांचे आहे.

काही वर्षांपूर्वी मजुरीच्या प्रश्नासाठी मी एका तांड्यावर गेलो होतो. एका म्हातारीने आपला जुना फेटिया एका फिरत्या व्यापाऱ्याला विकला होता. मी हळहळलो. ती म्हणाली, "भाऊ, तुला फेटियाची चिंता. सुनेला शिकवायला बसवलं, तर त्या दिवसाची निंदणाची मजुरी कोण देईल?" मजुरांचे हिशेब मांडण्यात माझी हयात गेली, पण हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता.

पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा वारशाचे भव्य संग्रहालय उघडले, याचा आपणा सर्वांना आनंद आहे. परंतु संग्रहालय वस्त्र जपते; शिवणाऱ्या हाताला दिवसाचे काम देणे हे त्याचे काम नव्हे. सरकारकडे पाहावे, तर १९५२ साली स्थापन झालेले अखिल भारतीय हस्तकला मंडळ २०२० साली बरखास्त झाले. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय घेतले. त्यांत शिंपी आहे, भरतकाम करणारी बाई नाही.

मग उपाय नाही काय? आहे. कर्नाटकातील संडूर येथे लंबाणी स्त्रियांनी संस्थेच्या आधाराने हेच काम पोटापाण्याचे केले. त्या भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथली बाई आणि आपल्या तांड्यावरची बाई एकाच कुळीच्या. फरक संघटनेचा आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तांड्यातांड्यांतून स्त्रियांच्या सहकारी सोसायट्या व्हाव्यात. नगावर दर ठरविताना त्याला लागलेले तास मोजावेत, आणि तो दर शेतमजुरीहून कमी नसावा. शिकविणाऱ्या म्हातारीला आणि शिकणाऱ्या मुलीला, दोघींनाही शिकवणीच्या दिवसाचे पैसे मिळावेत. आणि आपण शहरवासीयांनी, आरशाची पिशवी घेताना भाव पाडण्याआधी, ती किती दिवसांत झाली एवढे विचारावे.

कला जगवा असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कारागिरणीची मजुरी ठरवायला बसतील अशी माणसे मला हवी आहेत. या सभेतून चार जण जरी पुढे आले, तरी पुढच्या रविवारी मी त्यांना तांड्यावर घेऊन जाईन.