रंग आणि साक्ष

१९८४ सालच्या डिसेंबर महिन्यांत, २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्रीं, भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायु सुटला आणि हजारों माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर एका अनामिक बालकाचें दफन चाललें असतां दोन छायाचित्रकारांनीं तें दृश्य टिपलें. रघु राय यांचें चित्र कृष्णधवल आहे; पाब्लो बार्थोलोम्यू यांचें रंगीत. बालक एकच, मातीहि तीच. परंतु दोन्ही चित्रें एकच गोष्ट सांगत नाहींत.

राय यांच्या चित्रांत दृष्टि स्थिरावते ती त्या चिमुकल्या मुखावरून फिरणाऱ्या हातावर. रंग नाहींसा झाल्यामुळें स्थळ आणि काळ मागें सरतात आणि उरतो तो केवळ निरोप. बार्थोलोम्यू यांच्या चित्रांत माती मातीच्या रंगाची आहे, त्वचा त्वचेच्या रंगाची आहे; म्हणूनच डोळ्यांवर पसरलेली पांढुरकी छाया अधिक अनैसर्गिक वाटते. पहिलें चित्र शोक करतें. दुसरें साक्ष देतें. या रंगीत चित्रास १९८४ चें सर्वोत्कृष्ट वृत्तचित्र म्हणून ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ पुरस्कार मिळाला, तर राय यांचें चित्र त्या दुर्घटनेचें जणूं प्रतीकच होऊन बसलें.

असें असतांहि कृष्णधवल म्हणजे सत्य आणि रंग म्हणजे शोभा, ही समजूत पुष्कळांच्या मनांत घर करून असते. तिचें मूळ कलाविचारापेक्षां खर्चांत अधिक सांपडतें. १९३५ पासून अमेरिकी सरकारनें मंदीनें नाडलेल्या शेतकऱ्यांचीं छायाचित्रें काढविलीं. डोरोथिया लँग यांचें ‘मायग्रंट मदर’ हें १९३६ सालचें जगद्विख्यात चित्र त्यांतलेंच. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें या संग्रहांतील कृष्णधवल निगेटिव्ह सुमारें १,७०,००० आहेत. रंगीत चित्रें मात्र अवघीं १,६०० च्या आसपास. लहान कॅमेऱ्यांसाठीं कोडॅक्रोम फिल्म १९३६ पासून मिळूं लागली होती. पण तिला ऊन भरपूर लागे, आणि रंगीत छपाईचा खर्च सहसा परवडत नसे. परिणाम असा झाला कीं, त्या काळचें दैन्य जगाला राखाडी रंगाचेंच वाटूं लागलें.

रसेल ली यांनीं १९४० सालीं न्यू मेक्सिकोमधील पाय टाउन या वस्तींत काढलेलीं रंगीत चित्रें पाहिलीं कीं हा ग्रह ढळतो. स्वहस्तें शिवलेली गोधडी अभिमानानें दाखविणारी तेथील गृहिणी दूरच्या युगांतली वाटत नाहीं. शेजारच्या घरांतली वाटते. गरीब माणसासहि रंगाची हौस असते, हें राखाडी चित्रानें झांकून ठेवलें होतें. अर्थात् रंगहि सर्वस्वी निष्पक्ष नव्हे. ज्या फिल्मला ऊन हवें, ती उन्हांतलेंच जग दाखविणार. आणि झोंपडीच्या आंतला अंधार चित्राबाहेरच राहणार.

फिल्मच्या काळांत ही निवड कॅमेऱ्यांत फिल्म भरतांनाच होई. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांत बहुधा रंग आधीं नोंदला जातो आणि तो पुसावयाचा कीं नाहीं, हें मागाहून ठरवितां येतें. सोय वाढली, तसा मोहहि वाढला. सामान्य चित्रांतला रंग काढला कीं त्यास उसनें गांभीर्य येतें. आणि जत्रेंतल्या गुलालाचा रंग भडक केला कीं त्यास उसना उल्हास येतो. दोन्ही ठिकाणीं प्रेक्षकाची दिशाभूलच होते.

यास्तव वृत्तचित्रकारानें सुंदर काय दिसेल हें विचारण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःस विचारावा: या दृश्यांतला रंग कांहीं सांगतो आहे काय? नदीचें पाणी कारखान्याच्या सांडपाण्यानें तांबडें झालें असेल, तर तेथें रंग हाच पुरावा होय. तो वगळणें म्हणजे साक्षीदारास गप्प बसविणें. उलट, वृद्धेच्या सुरकुतलेल्या मुद्रेवरून दृष्टि ढळून मागच्या जाहिरातीच्या झगझगीत फलकाकडेच जात असेल, तर तेथें राखाडी छटांनीं तिच्यावर उपकारच केले असें होईल.

भोपाळच्या त्या दोन चित्रांपैकीं श्रेष्ठ कोणतें, हा वाद म्हणूनच निष्फळ आहे. त्या बालकास निरोप देणारें कोणी हवें होतें, आणि त्याच्या मृत्यूचें कारण जगापुढें मांडणारेंहि कोणी हवें होतें. एका चित्रानें पहिलें कार्य केलें, दुसऱ्यानें दुसरें. जो छायाचित्रकार कॅमेरा उचलण्यापूर्वीं आपणांस यांपैकीं कोणतें कार्य करावयाचें आहे हें जाणतो, त्याची निवड सहसा चुकत नाहीं.