ताई, तीन मिनिटांत सांग!

बसमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा. आजचा विषय आहे, पीएचडी करणाऱ्यांना प्रयोगशाळेबाहेरचं काय शिकवायला हवं. मी स्वतः बीटेक करून थेट नोकरीला लागलो, पीएचडीच्या वाटेला गेलोच नाही. मग मी कशाला बोलतोय यावर? तर माझ्या ताईमुळे.

ताई पाच वर्षं डाळिंबाच्या तेल्या रोगावर काम करतेय. गेल्या वर्षी एका कंपनीत तिची मुलाखत होती. पहिलाच प्रश्न आला, "तुमचं काम थोडक्यात सांगा." ताई बारा मिनिटं बोलली. शेवटी समोरच्यांनीच थांबवलं, आभार मानले, विषय संपला. रात्री फोनवर मला म्हणाली, "मला येत नाही असं नाही रे. मला सांगता येत नाही."

मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले. रोज सकाळी टीमचा स्टँडअप असायचा. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढंच सांगायचं. तरी मी अडखळायचो. रोज सांगून सांगून जमलं. म्हणजे कंपनीने मला पगार देऊन बोलायला शिकवलं. ताईचेही सेमिनार व्हायचे, पण ऐकणारे सगळे तिच्याच विषयातले. बाहेरच्या माणसाला सांगायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती.

मग शोधताना मला 'थ्री मिनिट थिसिस' सापडलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने 2008 मध्ये ही स्पर्धा सुरू केली. तिची गोष्ट भारी आहे. तेव्हा तिथे मोठा दुष्काळ होता. पाणी वाचावं म्हणून लोक बाथरूमच्या भिंतीवर तीन मिनिटांचा टायमर लावायचे. ते पाहून तिथल्या ग्रॅज्युएट स्कूलचे तेव्हाचे डीन अ‍ॅलन लॉसन यांना सुचलं की आंघोळ तीन मिनिटांत होते, तर प्रबंध का नाही?

नियम कडक आहेत. एकच स्लाइड, तीही न हलणारी. व्हिडिओ नाही, हातात वस्तू नाही, गाणं-कविता नाही. तीन मिनिटांच्या वर गेलात की बाद. आणि समजलं पाहिजे त्या विषयातलं काहीच माहीत नसलेल्या माणसाला. आज ही स्पर्धा अनेक देशांतल्या विद्यापीठांत होते.

ताईच्या विद्यापीठात तसं काही नव्हतं. मग दिवाळीत आमच्या स्वयंपाकघरातच स्पर्धा भरली. टायमर माझ्या मोबाईलचा, परीक्षक आई आणि सांगोल्याचे काका. काकांची डाळिंबाची बाग आहे. पहिल्या वेळी ताईने सुरू केलं 'झँथोमोनास' पासून. आई म्हणाली, "अगं, पण हे कशाबद्दल आहे?" सातव्या वेळी ताई म्हणाली, "डाळिंबावर तेलकट डाग दिसतो, तोवर उशीर झालेला असतो. डाग दिसायच्या आधी रोग ओळखता येईल का, ते मी शोधतेय." काका चकली खायचे थांबले. म्हणाले, "पाच वर्षं हे करतेस? मग मला आधी का नाही सांगितलंस?"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

आता तुमच्या कामाचं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याने, विषय कोणताही असो, अध्यापन आणि लेखनाचं प्रशिक्षण घ्यायचं असतं. आठवड्याला 4 ते 6 तास ट्यूटोरियल किंवा प्रॅक्टिकल घ्यायचं कामही मिळू शकतं. अनेकांना ती कटकट वाटते. ताईलाही वाटायची. पण बीएस्सीच्या पोरांसमोर उभं राहणं म्हणजे फुकटात मिळालेला स्टँडअप आहे. तो सोडू नका. तुमच्या विभागात हे प्रशिक्षण फक्त कागदावर असेल, तर चार जण मिळून मागा. मदत मागितली म्हणजे आपण कच्चे, असं काही नसतं. मीसुद्धा कच्चाच होतो, फक्त मला रोज विचारणारं कोणीतरी होतं.

ताईला नोकरी लागली का? अजून नाही. दुसरी मुलाखत झालीय, उत्तराची वाट बघतोय. पण या वेळी पाऊण तास तेच प्रश्न विचारत होते.

तुमच्या ओळखीत कोणी पीएचडी करत असेल, तर आज फोन लावा. "कधी संपणार?" हे मात्र विचारू नका. टायमर लावा आणि म्हणा, "सांग, मी ऐकतोय." भेटू पुढच्या भागात!