कर्तव्य कोणाच्या आज्ञेनें?

१९६१ सालीं जेरुसलेमच्या न्यायासनापुढें आइकमन उभा होता. लाखों ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे नेणाऱ्या आगगाड्यांची व्यवस्था लावणारा हा अधिकारी. आपण आयुष्यभर कांटच्या नीतितत्त्वांस अनुसरून वागलों, असें त्यानें सांगितलें! न्यायाधीशांनीं खोदून विचारतां त्या तत्त्वाची व्याख्याहि त्यानें बहुतांशीं बरोबर दिली.

जर्मन चिद्वादाचा पाया घालणाऱ्या कांटचें हें कसलें शिष्यत्व? आइकमननें ‘कर्तव्य’ हा शब्द तेवढा उचलला आणि त्याचा अर्थ ‘आज्ञापालन’ असा केला. १७८५ च्या ग्रंथांत कांट सांगतो तें निराळेंच: नैतिक नियम मनुष्य आपल्या विवेकानें स्वतःच स्वतःस घालून देतो, आणि कोणाहि मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरणें त्यास वर्ज्य आहे.

तथापि सगळा दोष वाचकाच्या माथीं मारून कांटला मोकळें सोडणें मला प्रशस्त वाटत नाहीं. राज्यसत्तेविरुद्ध प्रजेनें बंड करूं नये, असेंहि त्यानेंच लिहिलें आहे. मात्र मुळांतच दुष्ट असलेली आज्ञा पाळूं नये, हेंहि तो १७९३ मध्यें लिहून गेला.

ज्यूंच्या समूळ संहाराचें काम अंगावर आल्यापासून आपण कांटप्रमाणें वागत नव्हतों, हें पुढें आइकमननेंच कबूल केलें. आपण आतां आपल्या कृतींचे धनी नाहीं, अशी त्यानें तेव्हां मनाची समजूत घातली होती.