जिवाणूभक्षी विषाणूतील पी-२ प्रथिन
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



विषाणू म्हटले की आपल्याला भेंडीचा केवडा नाहीतर मिरचीचा चुरडा-मुरडा आठवतो. परंतु काही विषाणू पिकावर न वाढता पिकाला रोग करणाऱ्या जिवाणूंवरच वाढतात. त्यांना जिवाणूभक्षी विषाणू किंवा फाज म्हणतात.

फाय-६ या फाजची माहिती अमेरिकेतील नेब्रास्कात १९७३ साली प्रसिद्ध झाली. घेवड्याच्या पानावर पाणथळ ठिपके व भोवती पिवळसर वलय आणणाऱ्या स्युडोमोनास जिवाणूवर तो वाढतो. जिवाणूच्या अंगावर केसासारखे तंतू असतात. फाज तंतूला चिकटतो आणि जिवाणू तंतू आखडून घेतो तेव्हा दोराबरोबर पोहरा यावा तसा आपोआप जवळ येतो.

आत शिरल्यावर खरे काम पी-२ या प्रथिनाचे. फाय-६ चे आनुवंशिक द्रव्य आरएनएच्या तीन दुपेडी तुकड्यांत असते. आरएनएच्या अशा नकला काढण्याची सोय जिवाणूकडे नसते, म्हणून फाज पी-२ बरोबरच आणतो. पी-२ दुपेडी आरएनएवरून एकेरी पेड तयार करते. त्यावरून जिवाणूच्याच यंत्रणेत फाजची प्रथिने बनतात व रिकामी कवचे उभी राहतात. त्यांत आधी लहान, मग मधला, मग मोठा पेड शिरतो. कवचातील पी-२ प्रत्येकाला जोडीचा पेड घालते; दोरी वळावी तसेच. शेवटी जिवाणू फुटतो.

मग हा फाज डाळिंबाच्या तेल्यावर फवारावा का? नाही. तेल्याचा जिवाणू झांथोमोनास, तिथे फाय-६ चा उपयोग नाही. प्रत्येक फाजचा जिवाणू ठरलेला असतो. अमेरिकेत टोमॅटो-मिरचीवरील जिवाणूजन्य ठिपक्यांसाठी फाजयुक्त औषधाला २००५ मध्ये नोंदणी मिळाली, ती त्या जिवाणूंपुरती.

शिवाय नकला काढण्याचा कच्चा माल जिवंत जिवाणूतच मिळतो. पानावर योग्य जिवाणू नसेल तर फाज वाढत नाही आणि उन्हातील अतिनील किरणांनी लवकर निकामी होतो. म्हणून फवारणी संध्याकाळी करावी, ताम्रयुक्त औषध त्यात मिसळू नये.

गेल्या हंगामात एका बागायतदाराने मला बाटली दाखवली. लेबलवर ‘बुरशी, विषाणू, जिवाणू, सर्वांवर फाज’ असे होते! फाज बुरशीवर चालत नाही, चुरडा-मुरड्यावरही नाही. बाटलीवर जिवाणूचे व पिकाचे नाव आणि नोंदणी क्रमांक नसेल तर ती दुकानातच राहू द्यावी.