स्मार्टकार्ड अडले तरी रुग्ण अडू नये
(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचा तपशील अहवालात अन्यत्र दिलेला आहेच. आज आम्ही कार्यालयीन कामकाजातील, परंतु रुग्णसेवेशी थेट निगडित असा एक विषय आपणांसमोर मांडू इच्छितो.

गेल्या पावसाळ्यात नोंदणी कक्षातील संगणकांचे सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कर्मचाऱ्यांच्या स्मार्टकार्डांनी प्रणालीत प्रवेश मिळेनासा झाला. पोलादपूर तालुक्यातील वाड्यांवरून पहिल्या एस.टी.ने आलेले रुग्ण बाहेर ताटकळत होते. कार्ड तेच, पिन तोच, कार्ड रीडरही तोच. मग अडले कोठे?

कार्डावरील चिपमध्ये एक गुप्त किल्ली असते. ती कार्डाबाहेर कधीच येत नाही. संगणकाच्या प्रश्नाला चिप आतल्या आत स्वाक्षरी करून उत्तर देते. या दोघांची भाषा निराळी असल्याने मध्ये दुभाषी लागतो. त्यालाच तंत्रज्ञ लायब्ररी म्हणतात. आमच्याकडे ब्राउझर ६४ बिटचा झाला आणि लायब्ररी ३२ बिटचीच राहिली; त्यामुळे दोघांतील संवाद तुटला. योग्य लायब्ररी बसविताच काम पूर्ववत झाले.

या अनुभवातून तपासणीचा क्रम निश्चित केला आहे. प्रथम रीडरचा दिवा पाहावा. मग तेच कार्ड दुसऱ्या संगणकावर लावावे. तेथे चालल्यास कार्ड निर्दोष समजावे. संगणकाची तारीख पाहावी, कारण वीज गेल्यानंतर ती मागे गेली असल्यास वैध प्रमाणपत्रही अवैध ठरते. त्यानंतर प्रमाणपत्राची मुदत आणि शेवटी लायब्ररी तपासावी. पिन विचारलाच जात नसेल, तर दोष पिनचा नव्हे. विचारला गेल्यास तो अंदाजाने पुन्हा पुन्हा टाकू नये. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर कार्ड कुलूपबंद होते.

अद्ययावतीकरण टाळावे, असा याचा अर्थ नाही. चेक प्रजासत्ताकातील मसारिक विद्यापीठाच्या संशोधकांना २०१७ मध्ये चिपमधील किल्ल्या तयार करणाऱ्या एका लायब्ररीत गंभीर दोष आढळला. त्यापायी एस्टोनिया या छोट्या देशाला त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सुमारे ७ लाख ६० हजार ओळखपत्रांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. कार्ड अद्ययावत करताना डॉक्टरांसारख्या नित्य वापर करणाऱ्यांना तेथे अग्रक्रम मिळाला. म्हणून बदल करावाच. मात्र आधी एकाच संगणकावर, गर्दी नसताना आणि जुनी आवृत्ती हाताशी ठेवून करावा.

अशा वेळी एक मोह होतो. ज्याचे कार्ड चालते, त्याच्याच नावाने सर्वांनी काम उरकायचे. हे कटाक्षाने टाळावे. औषध कोणी दिले, नोंद कोणी केली, याची खात्री त्या एका नावावर अवलंबून असते.

मग रुग्णाने थांबावे काय? मुळीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव आहेत. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता तत्काळ दाखल करून घेणे हेही त्या योजनेने बंधनकारक केले आहे. त्यात संगणक सुरू असण्याची अट नाही. कार्ड आपल्या कर्मचाऱ्याची ओळख यंत्राला पटविण्यासाठी आहे. रुग्णाचा हक्क त्यावर अवलंबून नाही.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडची वीज आणि दूरध्वनी दोन्ही बंद पडले होते, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून नोंदणी कक्षात क्रमांक घातलेली कागदी नोंदवही आणि केसपेपर कायम ठेवले आहेत. प्रणाली अडल्यास नाव, वेळ, तक्रार व स्वाक्षरी वहीत घ्यावी, रुग्णास डॉक्टरांकडे पाठवावे आणि प्रणाली सुरू होताच ज्याने वहीत नोंद केली त्यानेच ती संगणकावर चढवावी.